कुंडीतली जास्वंद उन्हाळ्यात मान का टाकते आणि तिला परत कसं आणायचं

मार्च लागला की ठाणे, मुंबई, रायगडसाठी हवामान खात्याचे उष्णतेचे यलो अलर्ट यायला लागतात, आणि साधारण त्याच आठवड्यात आमच्या लिफ्टमध्ये कोणीतरी मोबाईल पुढे करून फोटो दाखवतं, "बघा ना हो, जास्वंद गेली वाटतं माझी." पानं पिवळी, शेंडे लोंबलेले, कळ्या उमलायच्या आधीच गळून कुंडीत पडलेल्या. आणि लगेच पुढचा प्रश्न, कोणतं खत घालू?

मी घोडबंदर रोडला राहते, सातवा मजला, बाल्कनी पश्चिमेला. सासूबाईंना रोज सकाळी गणपतीला एक तरी लाल फूल लागतं, त्यामुळे आमच्याकडे जास्वंद म्हणजे घरातलंच एक माणूस. आत्तापर्यंत दोन जास्वंदी माझ्या हातून गेल्यात, दोन्ही ऐन उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा पाणी कमी पडलं नव्हतं, काळजीपोटी मी जे जे केलं त्यानेच त्या गेल्या. म्हणून इथे खताचं नाव बरंच उशिरा येईल. आधी झाडाला नेमकं होतं काय ते बघू.

बातमीतलं ३८ आणि बाल्कनीतलं ३८

किनारपट्टीवर कमाल तापमान ३७ अंश किंवा वर गेलं आणि ते नेहमीच्या सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त असलं, की हवामान खातं त्याला उष्णतेची लाट म्हणतं. पण हा आकडा सावलीतला असतो. जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर पांढऱ्या रंगवलेल्या, झडपांच्या पेटीत थर्मामीटर ठेवतात, हवा खेळती राहते, ऊन थेट लागत नाही. आपल्या कुंडीला अशी पेटी कुठली.

आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी बऱ्याचदा जमिनीकडून, म्हणजे पूर्वेकडून गरम कोरडा वारा येतो, आणि दुपारकडे समुद्रावरचा वारा सुरू झाला की जरा हायसं वाटतं. ज्या दिवशी हा समुद्राचा वारा उशिरा येतो त्या दिवशी पारा चढतच राहतो, आणि कुलाब्याला हा वारा जेव्हा पोचतो तेव्हा ठाणे, ऐरोली, खारघरला अजून वाटच बघणं चाललेलं असतं. त्यात बाल्कनी पश्चिमेला असेल तर दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत ऊन सरळ आत, टाइल्स तापलेल्या, मागची भिंत रात्री दहापर्यंत गरम. आणि एसीचा आउटडोअर युनिट बाल्कनीतच असेल तर तो घरातली सगळी गरमी त्या झाडांच्या तोंडावर फेकत असतो, हे कित्येकांच्या लक्षातच येत नाही. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये मी स्वयंपाकाचा थर्मामीटर काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत कडेला मातीत खोचून बघितला होता, दुपारी साडेतीनला ४६ दाखवत होता. अशा वेळी हवा कितीही असो, मुळं त्या ४६ मध्ये उभी आहेत. माती चाळिशीच्या वर गेली की कुंडीच्या भिंतीला चिकटलेली कोवळी मुळं भाजायला लागतात, आणि पाणी ओढायचं काम नेमकं तीच बारीक मुळं करतात.

पान म्हणजे माठ

माठातलं पाणी गार का राहतं हे आपल्याला माहितीये, पाणी मातीतून झिरपतं, बाहेर त्याची वाफ होते आणि ती वाफ होताना उष्णता घेऊन जाते. झाड पण हेच करतं. पानावर, जास्त करून मागच्या बाजूला, डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात, त्यांना पर्णरंध्रं म्हणतात. तिथून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि पान गार राहतं. त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो, ज्याच्यापासून झाड आपलं अन्न बनवतं. म्हणजे दार एकच, आणि बाहेर जाणं आत येणं दोन्ही त्याच दारातून.

वरून वाफ गेली की खालून पाणी ओढलं जातं, शहाळ्यात स्ट्रॉ घालून वरून ओढलं की पाणी चढतं ना, तसंच. आता शहाळ्यातलं पाणी संपत आलं आणि तुम्ही ओढतच राहिलात तर स्ट्रॉ नुसती खुळखुळ करते. झाडाचं असं व्हायला लागलं की ते दारं लावून घेतं, छिद्रं बंद. पाणी वाचतं, पण मग गारवाही बंद आणि अन्न बनवणंही बंद. त्यामुळे कडक उन्हात दुपारी जास्वंद मान टाकते तेव्हा दर वेळी ती मरत असते असं समजू नका, बऱ्याचदा ती दार लावून बसलेली असते. संध्याकाळी सातला परत बघायचं, पानं उभी राहिली असतील तर झाड ठीक आहे. सकाळी सहालाही मान खालीच असेल तेव्हा मात्र काळजीचं कारण आहे.

खालची जुनी पानं पिवळी होऊन गळणं हाही त्यातलाच प्रकार. पाणी पुरत नसेल तर झाड खर्च कमी करतं, आधी कळ्या टाकतं, मग जुनी पानं. शेंड्याची पानं हिरवी आहेत तोवर घाबरायचं नाही.

मुळांनाही श्वास घ्यावा लागतो

माझी पहिली जास्वंद गेली ती इथे चुकल्यामुळे. दुपारी पानं लोंबलेली बघितली की मी पाणी घालायचे, संध्याकाळी परत, रात्री परत एकदा थोडं. कुंडीखाली ताट ठेवलेलं, त्यात पाणी साठलेलं, मला बरंच वाटायचं की झाडाला पाणी मिळतंय. आठ दहा दिवसांत झाड आणखीच मलूल झालं, माती ओली आणि पानं सुकलेली. शेवटी उपटून बघितलं तर आंबूस कुजका वास, मुळं तपकिरी, आणि बोटाने धरून ओढलं तर भिजवलेल्या वालाची साल निसटते तशी वरची साल निसटून हातात आली, आत नुसता दोरा उरला.

झालं असं होतं, की मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यात हवा असते, मुळं त्या हवेतला ऑक्सिजन घेतात. त्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात. गरम मातीत हे आणखी लवकर होतं, कारण ऊब वाढली की मुळांना ऑक्सिजन जास्त लागतो आणि नेमका कोमट पाण्यात तो कमी विरघळतो. मग मेलेल्या मुळांवर बुरशी चढते आणि पाणी ओढणारं कोणी उरतच नाही. वरून बघितलं तर झाड तहानलेलं दिसतं, कारण ते खरोखरच तहानलेलं असतं, फक्त पाण्यात बुडून तहानलेलं. आणि आपण आणखी पाणी ओततो.

मग माझं झाड तहानलंय की गुदमरलंय, कसं ओळखायचं

बोट घाला मातीत, दुसऱ्या पेरापर्यंत. वरचा थर बघून काही कळत नाही, तो एप्रिलमध्ये तासाभरात कोरडा होतो. आत ओलसर आणि गार लागलं तर पाणी घालू नका. आत कोरडं असेल तर घाला. दुसरी युक्ती वजनाची, पाणी घातल्यावर कुंडी एकदा उचलून बघा आणि ते वजन हाताला लक्षात ठेवा, आठवडाभरात हाताला सवय होते, हलकी लागली की पाणी.

एक गोष्ट मात्र फसवते. पाणी घालता घालताच खालून भसकन बाहेर आलं तर आपल्याला वाटतं भरपूर झालं. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एकदा पूर्ण सुकलं की ते पाणी पटकन धरत नाही, आणि माती आकसून कुंडीच्या भिंतीपासून सुटते, मग पाणी त्या फटीतून खाली निघून जातं आणि मधला मुळांचा गोळा कोरडा ठणठणीत. नर्सरीतून आणलेल्या झाडाला तर बऱ्याचदा लाल चिकट मातीचा गोळा असतो, तो सुकला की विटेसारखा होतो. यावर उपाय सोपा आहे, कुंडी उचलून बादलीत काठापर्यंत पाण्यात ठेवायची, बुडबुडे येत राहतील, ते थांबले की, साधारण वीस पंचवीस मिनिटांनी, बाहेर काढून सगळं पाणी निथळू द्यायचं. हे एकदाच, रोज नाही.

फांदी जिवंत आहे का बघायचं असेल तर नखाने साल जराशी खरवडा. खाली हिरवं ओलं दिसलं तर जिवंत. तपकिरी कोरडं दिसलं तर थोडं खाली येऊन परत खरवडा. माझ्या आत्ताच्या जास्वंदीला वरचा हातभर भाग पूर्ण वाळला होता, जमिनीपासून चार बोटं हिरवी निघाली, तेवढ्यावर ती परत फुटली.

आजच्या आज काय करायचं

पहिलं काम, जागा बदला. सकाळचं ऊन दहा साडेदहापर्यंत मिळू दे, त्यानंतर सावली. जागा नसेल तर हिरवी शेडनेट, ५० टक्केवाली, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, बाल्कनीच्या ग्रिलला बांधा, तीही नसेल तर जुनी सुती साडी किंवा पंचा दुपारपुरता. झाड एकदम अंधाऱ्या हॉलमध्ये नेऊन ठेवू नका, तिथे पानं आणखी गळतात. एसीच्या युनिटसमोरून तर लगेच हलवा.

दुसरं काम कुंडी गार करायचं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. प्लास्टिकची कुंडी एखाद्या मोठ्या मातीच्या कुंडीत ठेवा आणि मधल्या फटीत वाळकी पानं, नाहीतर नारळाची सोडणं भरा. तेही नसेल तर कुंडीला गोणपाट गुंडाळून सकाळी ओलं करायचं, माठाला ओलं फडकं गुंडाळतो तसं. कुंडी टाइल्सवर टेकवू नका, दोन विटांवर उचलून ठेवा म्हणजे खालूनही वारा लागेल. आणि मातीवर दोन इंचाचा थर द्या, वाळलेली पानं, सोडणाचे तुकडे काहीही चालेल, फक्त खोडाला चिकटवू नका, बोटभर जागा सोडा. रसवंतीवरून चिपाडं आणायचा मोह होतो, पण ताज्या चिपाडात गोडवा असतो आणि दोन दिवसांत मुंग्यांची रांग लागते.

पाणी सकाळी सातच्या आत, खालून बाहेर येईपर्यंत, आणि ताटात साठलेलं ओतून टाकायचं. खूपच कडक दिवस असेल आणि संध्याकाळी बोट घातल्यावर आत कोरडं लागलं तरच दुसऱ्यांदा.

जी फांदी नक्की वाळलीये ती कापा, पण हिरव्या फांद्यांची छाटणी आत्ता करू नका. छाटलं की झाड नवी कोवळी पालवी काढायला जातं आणि ती पालवी या उन्हात करपते, म्हणजे साठवलेला पैसा फुकट गेला. कुंडीही आत्ता बदलायची नाही. अपवाद एकच, मुळं कुजली असतील तर थांबून चालत नाही. तेव्हा संध्याकाळी झाड काढा, मऊ तपकिरी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका, जेवढी मुळं गेली त्या हिशोबाने वरच्या फांद्याही कमी करा, भुसभुशीत मातीत, छोट्या कुंडीत लावून पूर्ण सावलीत ठेवा. मोठी कुंडी नको, मुळं थोडी आणि माती जास्त असली की परत ओल साठते. आणि दोन चार हिरव्या फांद्या वेगळ्या लावून ठेवाच, मूळ झाड नाही वाचलं तर त्या आहेत.

"पण खत नाही घातलं तर जोर कुठून येणार?"

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की तासाभरात तळाला पाणी सुटतं. फोडीतलं पाणी बाहेर आलं, कारण बाहेर खार जास्त झाला. खत म्हणजेसुद्धा क्षारच. कोरड्या, तापलेल्या मातीत खत पडलं की मुळांभोवती खार वाढतो, आणि मुळांनी पाणी ओढायच्या ऐवजी त्यांच्यातलंच बाहेर ओढलं जातं. पानांच्या कडा तपकिरी कुरकुरीत होतात त्याचं एक कारण हे. डीएपीचे दाणे, एप्सम सॉल्ट, मोहरीची पेंड, सगळं आत्ता बाजूला ठेवा. कांद्याच्या सालींचं पाणी, केळ्याच्या साली, उरलेली चहापूड यांचंही तेच, त्या मातीत कुजताना आणखी ऑक्सिजन खातात आणि चिलटं होतात ती वेगळीच. तापातल्या माणसाला आपण पुरणपोळी वाढत नाही, पेज देतो. नवीन पालवी बोटभर झाली की मग मूठभर जुनं गांडूळखत द्या, तेवढं बास.

पाण्याचंही बघा. मे महिन्यात पाणीकपात सुरू झाली की सोसायट्यांमध्ये टँकर किंवा बोअरचं पाणी येतं, आणि खाडीजवळच्या बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. मातीवर, कुंडीच्या काठावर पांढरी पापडी जमली तर समजायचं क्षार साठलेत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी लोक हौसेने झाडांना घालतात, त्यात क्षार एकवटलेले असतात, ते फरशी पुसायला वापरा. त्यापेक्षा एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी कितीतरी चांगलं, ते हवेतल्या बाष्पाचं पाणी, त्यात क्षार जवळजवळ नसतात. बादलीत साठवून घालायचं, पापडी धुवून काढायलाही तेच वापरते मी.

"माहेरी अंगणात तर दिवसभर उन्हात असते, तिला काही होत नाही"

बरोबर आहे. पण ती जमिनीत आहे. उन्हाने जमिनीचा वरचा थर तापतो, हात दोन हात खाली माती गार आणि ओलसर असते, मुळं तिथपर्यंत गेलेली असतात. कुंडीत मुळांना पळायला जागाच नाही, आणि ऊन वरूनही लागतं, चारी बाजूंनीही लागतं. शिवाय ती अंगणातली जास्वंद बहुतेक वेळा गावठी लाल, पाच पाकळ्यांची, फांदी खोचून लावलेली. आपण नर्सरीतून आणतो ती मोठ्या पिवळ्या, केशरी, जांभळट फुलांची हायब्रिड, बऱ्याचदा गावठीच्या खोडावर कलम केलेली, दिसायला सुंदर पण नाजूक. उन्हाळ्यात कलमाच्या वरचा भाग मरतो आणि खालून गावठी फुटते, मग लोक म्हणतात पिवळी जास्वंद लाल कशी झाली. ती झाली नाही, पिवळी गेली आणि तिला पायावर उभी करणारी लाल उरली. आमच्याकडे असं झालं तेव्हा सासूबाई खूश होत्या.

दुपारी पाणी घालायचं की नाही

दुपारी पाणी घातलं की झाड मरतं असं सरसकट सांगतात. पानांवरचे थेंब भिंगासारखे होऊन पान जाळतात हेही ऐकलं असेल, जास्वंदीच्या गुळगुळीत पानावर तसं होत नाही. खरा धोका पाण्याच्या तापमानाचा आहे. गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम असतं, ते मुळांवर ओतायचं म्हणजे भाजलेल्याला शेक. माती आतपर्यंत कोरडी आणि झाड पूर्ण झोपलेलं असेल तर संध्याकाळची वाट बघत बसू नका, आधी सावलीत घ्या, मग सकाळी भरून ठेवलेल्या बादलीतलं पाणी सावकाश घाला. पानांवर फवारा मारला की दहा मिनिटं गार वाटतं, तो पाण्याला पर्याय नाही.

कळ्या गळतात आणि शेंड्याला पांढरं काहीतरी झालंय

तो मिलीबग, आपल्याकडे पिठ्या ढेकूण म्हणतात. कापसासारखा पांढरा पुंजका, शेंड्यांवर आणि कळीच्या देठाशी, रस शोषतो, मग पानं चुरगळतात आणि कळी पिवळी होऊन गळते. खोडावरून मुंग्या चढउतार करताना दिसल्या तर शेंडा नीट बघा, मिलीबगचा गोड चिकटा खायला त्या येतात आणि त्याला राखतातही. पानाच्या मागे बारीक जाळी आणि पान फिकट ठिपक्यांचं दिसलं तर ती लाल कोळी, कोरड्या गरमीत फार वाढते. दोन्हीवर पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, पानांच्या मागून, जुन्या टूथब्रशने पुंजके काढायचे. मग एक लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या लिक्विडचे दोन चार थेंब, नीट हलवून, सूर्य मावळल्यावरच मारायचं. दुपारी तेल मारलं तर पान करपतं. तहानेने मलूल झालेल्या झाडावर तर अजिबात नको, आधी त्याला पाणी पिऊन ताठ होऊ दे. आठवड्याने परत एकदा मारा, एका फवारणीत सगळं जात नाही.

कीड नसेल आणि तरी कळ्या गळत असतील तर ते उन्हाचं आणि पाणी मागेपुढे झाल्याचं. एप्रिल मेमध्ये कळ्या मोजू नका, पानं टिकली तरी पुष्कळ.

गावाला जाताना

आठ दहा दिवस जायचं असेल तर सगळ्या कुंड्या बाल्कनीच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात एकमेकींना चिकटवून ठेवा, एकीची सावली दुसरीला मिळते. जाड सुती दोरी घ्या, एक टोक भरलेल्या बादलीच्या तळाशी आणि दुसरं कुंडीच्या मातीत चार इंच खोल, बादली कुंडीच्या उंचीला किंवा जरा वर. दोरी आधी भिजवून घ्यायची, नाहीतर पाणी चढत नाही. हे जायच्या चार दिवस आधी करून बघा. शेजाऱ्यांना किल्ली दिली असेल तर त्यांना "रोज पाणी घाला" सांगू नका, "बोट घालून कोरडं लागलं तरच घाला" असं सांगा, प्रेमाने बुडवलेली झाडं मी पाहिलीत.

पाऊस लागल्यावर

मान्सून आपल्याकडे साधारण ११ जूनच्या आसपास येतो. पहिल्या सरीला काही करू नका, पाऊस जरा नियमित सुरू झाला, हवा गार झाली की जूनच्या शेवटी झाड एक तृतीयांश छाटा, कुंडी बदला, खतही आता द्या. जास्वंदीला फूल नव्या फांदीवर येतं, त्यामुळे तेव्हा छाटलं की गणपतीपर्यंत झाड कळ्यांनी भरायला वेळ मिळतो. छाटलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या टाकू नका, सहा इंचाचे तुकडे करून, वरची दोन पानं ठेवून, ओल्या मातीत खोचा. मी मागच्या वर्षी सात लावल्या होत्या, चार जगल्या, त्यातली एक लिफ्टमध्ये फोटो दाखवणाऱ्या बाराव्या मजल्यावरच्या काकूंकडे आहे, पूर्वेच्या बाल्कनीत.